वडवणी ते बीड, धुतलेल्या पायांनी

परवा बीडमध्ये एक सभा झाली. कॉलेजात लांब पल्ल्याचं पळणाऱ्या पोरांनी मॅरेथॉनमध्ये उतरावं की उतरू नये, हा विषय. मला अध्यक्ष केलं होतं, कारण निजामाच्या अमलात या जिल्ह्यातून कॉलेजात गेलेला, तिथे पळालेला, पुन्हा सव्वीस मैलांची शर्यतही पळालेला आणि अजून हिंडता-फिरता असलेला मीच एकटा उरलो आहे. हिंडता-फिरता म्हणजे काठी घेऊन.

एक वकीलसाहेब उठले आणि जिद्द या शब्दावर बराच वेळ बोलले. दुसरे एक गृहस्थ, ज्यांना व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना धाप लागली होती, ते म्हणाले की तरुण रक्ताला मर्यादा घालू नये. तिसऱ्यांनी जिल्ह्याचं नाव काढलं. जिल्ह्याचं नाव निघालं की माझ्या टाचेत कळ उठते, हे त्यांना माहीत असायचं कारण नाही. शेवटी माझी पाळी आली. मी उठलो, "उतरू नये," एवढं म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटलं अध्यक्ष दमले. टाळ्या पडल्या आणि उतरावं असंच ठरलं.

निघताना सभेचे कार्यवाह जवळ आले. म्हणाले, शर्यतीच्या दिवशी सगळ्या पोरांसमोर तुमचे पाय धुऊन सत्कार करायचा बेत आहे. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारे गोरेमोरे झाले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं घरी जाऊन सांगितलं असेल. त्यांच्यासाठी आणि त्या पोरांसाठी हे लिहितो आहे. वाचतील असं वाटत नाही.

आम्ही शिरूर कासारच्या बाजूचे. मेंढरं राखणारं घर. आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. बहीण नाही, भाऊ नाही. घरात बा आणि मी, आणि घर म्हणजे तरी काय, वर्षातले निम्मे दिवस दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवून उघड्यावर राहायचं. पळायला मला कोणी शिकवलं नाही. लांडगा दिसला की पळायचं, मेंढरू चुकलं की पळायचं, रानाचा मालक शिव्या देत आला की जास्त पळायचं. बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, शिकायला ठेवलं तेव्हाही सुट्टी लागली की मी पळतच वाड्यावर जायचो. आमच्याकडे मेंढरांच्या तळाला वाडा म्हणतात. दगडी वाडा आमच्यात कोणी पाहिला असेल तर बाहेरून.

आमच्या भागातले देशमुख मोठे जमीनदार. गढी, घोडे, तालुकदारसाहेबांशी, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरशी, उठबस. मी मॅट्रिकला चांगला पास झालो तेव्हा त्यांनी हैदराबादेत कोणाला तरी शब्द टाकला आणि मला कॉलेजच्या बोर्डिंगात जागा मिळाली. हे त्यांचे उपकार. मी ते नाकारत नाही. नाकारायची सोयच त्यांनी ठेवली नाही, कारण पुढे भेटेल त्याला ते हेच सांगत.

कॉलेजात सगळं उर्दूत. आमची गावंढळ उर्दू ऐकून पोरं हसायची. पहिलं वर्ष मी तोंड मिटून काढलं. मग एका सकाळी मैदानावर पोरं पळत होती, मीही धोतर खोचून मागे लागलो आणि सगळ्यांच्या पुढे निघालो. त्या दिवसापासून हसणं थांबलं.

मैदानावरचे उस्ताद रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, निवृत्त झालेले होते. ताठ पाठ, मेंदी लावलेली दाढी, तोंडात दख्खनी. त्यांनी मला तीन मैलांसाठी तयार करायला घेतलं. माझ्या पायांत कॅनव्हासचे बूट घातले, तेही पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी, नाडी कशी बांधायची ते दाखवत. दोन वर्षं त्यांनी मला घासलं. फरवर्दीत, म्हणजे माघाच्या सुमारास, संस्थानातल्या कॉलेजांच्या शर्यती व्हायच्या. त्या वर्षी तीन मैल मीच मारणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. मारले तर संस्थानाबाहेरच्या शर्यतींना जायचं आणि बोर्डिंगातली फुकट जागा बी.ए. होईपर्यंत माझी. नाही मारले तर जागा दुसऱ्याची. असा सरळ हिशेब होता. मला बी.ए. व्हायचं होतं. मेंढरांमागे परत जायचं नव्हतं. यापेक्षा मोठं स्वप्न मी बघितलं नव्हतं आणि यापेक्षा छोटं मला नको होतं.

त्याआधीच्या सुट्टीला घरी निघालो तेव्हा उस्तादांनी मला थांबवलं. कुठूनसं त्यांच्या कानावर आलं होतं की जिल्ह्याजिल्ह्यात आता विलायती पद्धतीच्या लांब शर्यती निघू लागल्या आहेत. त्यांनी मला समजावलं ते असं. तीन मैलांचा पाय वेगळा, सव्वीस मैलांचा वेगळा. तीन मैलांच्या पायात उसळी लागते. कोवळ्या वयात कडक सडकेवर लांब दामटलं की ती उसळी जाते आणि एकदा गेली की परत येत नाही. रिसाल्यात त्यांनी अशी शिंगरं पाहिली होती, लवकर लांबच्या कूचला नेलेली. पुढे ती जनावरं चालत राहिली, पण दौडली कधी नाहीत. तिशी उलटू दे, मग पळ हवं तेवढं, असं म्हणाले. आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मियाँ, लंबा नक्को दौड़ना. ये पाँव मेरी अमानत है तुम्हारे पास."

मी हो म्हणालो. जालन्यापर्यंत आगगाडी, तिथून मोटार, असा बीडला पोचलो तर मोटारीच्या अड्ड्यावरच देशमुखांचा गडी उभा. मालकांनी गढीवर बोलावलंय.

सदरेवर पाच-सहा मंडळी बसली होती. बा आधीच आला होता. तो जोड्यांपाशी बसला होता, त्याची ती नेहमीची जागा. मी वर जाऊन बसावं की त्याच्याशेजारी बसावं हे मला कळेना. कॉलेज शिकलेल्या मुलाला देशमुखांनी वर बोलावलं. मी वर बसलो आणि बा खालीच राहिला.

देशमुखांनी बेत सांगितला. तालुकदारसाहेबांना वर्तमानपत्रात मॅरेथॉनचं चित्र दिसलं होतं आणि ते खूष झाले होते. सुभ्याचे मोठे साहेब दौऱ्यावर यायचे होते, त्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. वडवणीच्या थोडं पलीकडून सुरुवात करून बीडच्या वेशीपर्यंत सव्वीस मैल भरत होते. पळणारे म्हणाल तर गुराखी, डाकेचे हलकारे, एक-दोन पैलवान, पोलिसांतले काही जवान. पण या सगळ्या अडाण्यांत शोभा कसली? कॉलेजचा एक गडी हवा. तो देशमुखांच्या मुठीत होता.

मी उस्तादांचं म्हणणं सांगितलं. जमेल तेवढ्या अदबीनं सांगितलं. फरवर्दीतल्या शर्यतीचं सांगितलं, बोर्डिंगच्या जागेचं सांगितलं. देशमुखांनी सगळं ऐकून घेतलं. पानाची पिंक टाकली. मग म्हणाले, "कावून बे, तीन मैल पळून जातोस कुठं तू? तीन मैलांत तर आमचं रान बी संपत न्हाई."

सदर हसली. मीही थोडा हसलो असेन. मोठ्या माणसाच्या सदरेवर हसायचं नाही तर करायचं काय? मग एकेकानं तोंड सोडलं. कोणी म्हणालं, मेंढरामागे हा दिवसभर पळायचा, त्याला सव्वीस मैल म्हणजे काय. कोणी म्हणालं, शिकून पोरं नाजूक होतात. एक जण म्हणाला की हा न पळाला तर लोक म्हणतील, देशमुखांनी शिकवला आणि पोरगं देशमुखांनाच विसरलं. एवढं बोलणं झालं, पण माझ्या पायांबद्दल एक शब्द त्यात नव्हता. परवाच्या सभेतही नव्हता.

शेवटी देशमुख खाली वळून बाला म्हणाले, "काय रे, पळंल का पोरगं?"

बा हात जोडून उठला. "मालक म्हंतेत तर पळंल की."

झालं. माझ्या पायांचा निकाल तिथे लागला. उस्तादांची अमानत जोड्यांपाशी उभ्या माणसानं सोडून दिली आणि मी त्याला दोष देऊ शकत नव्हतो, कारण त्या सदरेवर त्याला त्या दिवसापर्यंत कधी कोणी प्रश्नच विचारला नव्हता.

शर्यतीच्या सकाळी वडवणीत थंडी मरणाची होती. बाजारतळावर शेकोट्या पेटल्या होत्या. पळणारे बहुतेक अनवाणी. त्यांच्या पायांना बूट बांधले असते तर ते पळूच शकले नसते, तळवे चामड्यासारखे. माझ्या पायांत उस्तादांचे कॅनव्हासचे बूट. मी मनाशी ठरवलं होतं की रमत-गमत पळायचं, कोणाशी चढाओढ करायची नाही, बीड गाठायचं आणि हैदराबादला निघायचं. एवढं केलं तर फारसं बिघडणार नाही असा माझा अंदाज होता. तो अंदाज आजही मला चुकीचा वाटत नाही. रस्त्यानं माझं काही केलंच नसतं.

पण देशमुखांनी वाटेवरच्या गावांना निरोप धाडला होता. आपला कॉलेजचा गडी येतोय, त्याचा मान करा. आणि आमच्या गावांना मान करा म्हटलं की मान कसा करतात हे सांगावं लागत नाही.

पहिल्या गावाच्या वेशीत पाट मांडलेला होता. भोवती रांगोळी. पाटलीणबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या. ढोल वाजत होता. माझ्या पुढचे चार-पाच जण तिथून पळत गेले, त्यांच्याकडे कोणी बघितलंही नाही. मला चौघांनी दंडाला धरून पाटावर उभं केलं. बूट काढले. औक्षणाच्या पाटावर पायताण चालत नाही. एका बाईनं तांब्याभर पाणी आणलं, वाफा निघत होत्या. पायावर धार पडली तसा मी पाय मागे घेतला आणि म्हणालो, विसण तरी घाला थोडं. गरम पाण्यात थंड पाणी मिसळायला आम्ही विसण म्हणतो. त्या बाईला हसू आलं. ती म्हणाली, "एवड्या गारठ्यात पाव्हन्याला थंड पानी घालू व्हय?"

तिचं चुकलं नव्हतं. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत पाहुण्याच्या पायावर गार पाणी घातलं तर तो अपमान. जितका मान मोठा तितकं पाणी कढत. पाय धुतले, हळद-कुंकू लावलं, ओवाळलं, दूध-गूळ पाजला. ओल्या पायांवरच बूट घातले. पुसायचं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण पुसलं असतं तर कुंकू गेलं असतं.

कढत पाण्यानं कातडी कशी होते हे ज्यानं धुणी धुतली आहेत त्याला विचारा. बोटं सुरकुततात, कातडी पांढरी आणि मऊ पडते. तशा पायांनी ओल्या कॅनव्हासमध्ये मुरमाच्या सडकेवर पळायचं. दोन-तीन मैलांतच टाचेला काहीतरी सरकल्यासारखं वाटायला लागलं. मी वेग कमी केला. पुढचं गाव आलं. पुन्हा पाट, पुन्हा ढोल, पुन्हा तांब्या. मी हात जोडले, म्हणालो, मायबाप, पाय राहू द्या, कपाळाला कुंकू लावा. एक म्हातारा रागावला. मागच्या गावात पाय धुऊन घेतले आणि आमच्या गावात नको, आमचं गाव काय कमी आहे, असं म्हणाला. दोन गावांचं जुनं वैर असावं. मी पाटावर चढलो. त्या गावानं तर पाणी जास्तच तापवलं होतं, मागच्या गावापेक्षा मान कमी पडायला नको म्हणून.

किती गावं झाली ते सांगत बसत नाही. प्रत्येक वेशीत तेच. बूट काढताना आता टाचेची कातडी बुटाला चिकटून यायला लागली होती. त्यावर हळद पडली की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि वरून बाया ओवाळायच्या. त्यांच्या तोंडावर इतकं कौतुक होतं की ओरडायचीही लाज वाटे. टाच टेकवत नव्हती म्हणून मी चवड्यांवर पळायला लागलो. चवड्यांवर पळालं की टाचेमागची शीर ताणते. उस्तादांनी हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. ते आठवत होतं आणि मी तेच करत होतो.

थांबावंसं वाटलं का? वाटलं. एका बाभळीखाली बसलोसुद्धा. पण मागून घोड्यावर देशमुखांचा माणूस येत होता. तो म्हणाला, ऊठ, मालकांची इज्जत हाय. मी उठलो.

बीड आता जवळ आलं होतं. बिंदुसरा नदीच्या अलीकडचं शेवटचं गाव. त्या वेशीत मी ठरवलं होतं की काही झालं तरी पाटावर चढायचं नाही. शिव्या देऊ देत, घोडेवाला काय म्हणायचं ते म्हणू दे. लांबून पाट दिसला. गर्दी दिसली. तांब्या घेऊन बाई नव्हती, पुरुष होता. जवळ गेलो तर बा.

नवीन पटका बांधला होता. कोणाचा तरी मागून आणलेला असणार, त्याच्या डोक्याला मोठा होत होता. शिरूरहून मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून तो आदल्या दिवशीच चालत आला होता. गावच्या पाटलांनी त्याला पुढे उभं केलं होतं. पाटील मागे आणि माझा बा पुढे, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

माझं ठरवलेलं सगळं तिथेच गळून पडलं. तरी मी म्हणालो, "बा, पाय राहू दे. तू माझे पाय धुवायचे असतात का?"

खरंच असं आमच्यात कधी होत नाही. बाप जावयाचे पाय धुतो, लग्नात. लेकाचे धूत नाही. भोवतीची माणसंही जरा चपापली होती. बा माझ्यासमोर वाकून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "गप उबा राह. मला पोरगी न्हाई. जावयाचे पाय धुवायचे माज्या नशिबात न्हाईत. तुजे तरी धू दे."

मग तांब्या उचलून म्हणाला, "पानी लई चांगलं कढत आनलंय."

मी बूट काढले. म्हणजे ओढून काढले. टाचा उघड्या मांसाच्या झाल्या होत्या. त्याला ते दिसलं नाही. पायांवर प्रत्येक गावचं कुंकू थरावर थर बसलं होतं, घोट्यापर्यंत सगळं लालच लाल. त्यातलं कुंकू कोणतं आणि रक्त कोणतं हे ओळखायला पाय हातात घेऊन बघावं लागलं असतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर मेंढरांचे पाय बघून कोणतं लंगडणार हे सांगणारा माणूस, पण लेकाचा पाय त्याला कळला नाही. मानानं आंधळा झाला होता तो.

त्यानं धार धरली. मी दात दाबून उभा राहिलो. पाणी खाली लाल वाहिलं आणि तो म्हणाला, "किती कुंकू लावलं रं लोकांनी." त्यानं तळवे चोळले. मेंढराची लोकर चोळून धुवावी तसे दोन्ही हातांनी, जोर लावून. मी ओरडलो असतो तर त्याला कळलं असतं. मी ओरडलो नाही. आजही मला वाटतं, बरं केलं. त्या दिवसातली तेवढी एकच गोष्ट मी माझ्या मनानं केली.

बूट परत पायांत गेले नाहीत. ते हातात घेऊन मी अनवाणी निघालो. वेशीपर्यंतचा शेवटचा तुकडा कसा गेला मला सांगता येणार नाही. मध्येच उजव्या टाचेमागे सुतळी तुटावी असं काहीतरी झालं, एवढंच आठवतं.

बीडच्या वेशीजवळ मांडव घातला होता. माझ्याआधी बरेच जण पोचले होते. पहिला आमच्यासारखाच एक मेंढरंवाला होता. त्याचे पाय कोणी धुतले नव्हते म्हणून तो पहिला आला. त्याला पटका बांधून मांडवाबाहेर बसवला होता आणि भाकरी दिली होती. खुर्ची माझ्यासाठी होती. मोठ्या साहेबांना मला कॉलेजचा पहिला म्हणून दाखवण्यात आलं. कॉलेजचा मी एकटाच होतो, तेव्हा ते खोटं नव्हतं.

बक्षीस देशमुखांनी आधीच तयार ठेवलं होतं. विलायती चामड्याचे बूट. चकचकीत. सगळ्यांसमोर ते माझ्या हातात देत म्हणाले, "घाल की बे." मी पायांकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. त्यांनी नजर उचलली आणि फोटोवाल्याला खूण केली. तो फोटो देशमुखांच्या सदरेवर वर्षानुवर्षं होता. मी खुर्चीवर, देशमुख शेजारी, हातात बूट. खालून फोटो कापलेला आहे. पाय त्यात आलेले नाहीत.

पाय पिकले. बानं वाड्यावर नेऊन झाडपाला केला, रोज कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं, आणि तेव्हा मात्र पाणी निवून द्यायचा. जखम कशानं झाली असं त्यानं एकदाच विचारलं. मी म्हणालो, बुटानं. त्यानं उस्तादांचे कॅनव्हासचे बूट उचलले आणि शिव्या देत नाल्यात फेकले. म्हणाला, ह्या असल्यांनीच खाल्ला पोराचा पाय.

जखमा भरल्या, शीर भरली नाही. कॉलेज उघडल्यावर बऱ्याच दिवसांनी मी लंगडत हैदराबादला गेलो. उस्तादांनी मला मैदानावर बसवलं, पाय मांडीवर घेतला, टाचेमागे अंगठा दाबला. मग कसं झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, गावागावात लोकांनी कढत पाण्यानं पाय धुतले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "इतनी इज्जत करे तुम्हारे लोगां?"

पुन्हा ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. रागावले नव्हते. तुटलेल्या घोड्याकडे स्वार जास्त वेळ बघत नाही. फरवर्दीत तीन मैल परभणीकडच्या एका पोरानं मारले. मी दोरीच्या बाहेर उभा होतो. त्याचा वेळ माझ्या नेहमीच्या वेळापेक्षा बराच मागे होता हे मला दिसत होतं. वर्ष संपल्यावर बोर्डिंगची जागा त्याला मिळाली. मिळायलाच हवी होती. मी देशमुखांना शब्द टाकायची विनंती करायला गढीवर गेलो तेव्हा ते कामात होते. त्यानंतरही कामातच होते. मोठ्या साहेबांच्या मर्जीत बसल्यामुळे त्यांना कुठल्याशा कमिटीवर घेतलं होतं.

बी.ए. राहिलं. पुढे वडवणीच्याच बाजूला चौथीपर्यंतच्या शाळेत मास्तर झालो आणि जन्म तिथे गेला. मेंढरांमागे गेलो नाही, जाऊही शकलो नसतो, लंगड्या माणसाला कळप थांबत नाही. बाजाराच्या दिवशी लोक मला दाखवायचे, हा तो, सव्वीस मैलवाला. तीन मैलांचं कोणालाच ठाऊक नव्हतं. जे मला खरोखर येत होतं ते या जिल्ह्यात कोणी कधी बघितलंच नाही.

बा मात्र सुखी होता. हे मला सगळ्यात जड गेलं. तो शेवटपर्यंत ती गोष्ट सांगायचा. वाड्यावर, बाजारात, कपिलधारच्या जत्रेत, ऐकणारा भेटला की सुरू. पाटील कसे मागे उभे होते, ढोल कसा वाजत होता, पोराच्या पायावर किती कुंकू होतं. "म्या सोता धुतले पाय," म्हणायचा. "कढत कढत पान्यानं. साऱ्यांनी बगितलं." मी शेजारी बसलेला असलो की धोतराचा सोगा टाचेवर ओढून घ्यायचो. लोक माझ्याकडे बघून हसायचे आणि मी मान हलवायचो. हो म्हणायचो. असं मी वीस-बावीस वर्षं हो म्हणत राहिलो. माझ्या आयुष्याचं ज्यानं वाटोळं झालं तोच त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. माझा दिवस परत मिळणार नव्हता, तर त्याचा कशाला घ्या? देशमुखांचा मला राग आहे, तो राग घेऊनच मी मरेन. त्या बायांचाही कधीकधी येतो. बाचा राग करायला मला जागाच कुठे सापडली नाही आणि म्हणून तो आतल्या आत तसाच राहिला.

तो गेला तेव्हा मी वडवणीहून आलो. अंघोळ घालायची तयारी झाली होती. भावकीतल्या कोणी चुलीवरून पाणी उतरवून आणलं, घागरीतून वाफा येत होत्या. माझ्या हातात तांब्या दिला, पहिली धार लेकानं धरायची असते. मी त्याच्या पायांशी बसलो. भेगांनी भरलेले, काळे, चिवट पाय. सगळा जिल्हा त्या पायांनी तुडवलेला आणि एकदाही कोणी ते धुतलेले नव्हते.

पाण्यात मी हात घातला आणि काढून घेतला. म्हणालो, विसण आणा.

एक म्हातारा हळूच म्हणाला, "मास्तर, आता त्याला काय गरम आन् काय थंड?"

कोणीतरी गार पाण्याची कळशी आणून दिली. मी घागरीत ओतत गेलो, हात घालून बघत गेलो, पुन्हा ओतलं. लोक खोळंबले होते. पाणी हाताला सोसेल इतकं झालं तेव्हा त्याचे पाय मांडीवर घेऊन मी हळूहळू धुतले.